पोटातलं दुसरं हृदय : ठोके ऐकण्याचा इतिहास आणि खानदेशातलं घर

इतिहासाच्या व्याख्यानमालेत बाळाचे ठोके ऐकायचं यंत्र कुठून आलं, असं काहींना वाटलं असेल. ते आपल्या जळगाव-धुळ्याच्या घरांतूनच आलं. डॉप्लर म्हणतात त्याला. मुठीत मावतं, दोन-तीन हजार रुपयांत ऑनलाइन मिळतं. पोटावर जेल लावायचं, यंत्राचं टोक टेकवायचं, थोडं इकडेतिकडे सरकवायचं, की लांबून घोडा दौडत यावा तसा आवाज येतो. कोणाच्या घरात येतं हे? जिचं पहिलं बाळ गेलंय, जिचं दोनदा पोट पडलंय, किंवा लग्नाला आठ वर्षं झाल्यावर जिला दिवस गेलेत, तिच्या घरात. एका सोनोग्राफीपासून दुसऱ्या सोनोग्राफीपर्यंतचे तीन-चार आठवडे तिला काढवत नाहीत. त्यात हसण्यासारखं काही नाही. प्रश्न एवढाच आहे, की तो आवाज तिला नेमकं काय सांगतो. आणि त्याचं उत्तर यंत्राच्या डब्यावर नाही, इतिहासात आहे.

सुरुवात एका रोजच्या शब्दापासून करतो. डोहाळे. डोहाळे जेवण आपण सगळ्यांनी जेवलेलं आहे. हा शब्द आला संस्कृत ‘दोहद’वरून. सुश्रुतसंहितेत असं सांगितलंय, की चौथ्या महिन्यात गर्भाचं हृदय व्यक्त होतं, म्हणून त्या बाईला दोन हृदयांची समजायचं; तिला जे खावंसं वाटतं ते त्या दुसऱ्या हृदयाचं मागणं. बरेच अभ्यासक ‘दोहद’ हा शब्द या दोन हृदयांशीच जोडतात. म्हणजे आपल्याकडे दुसऱ्या हृदयाची जाणीव फार जुनी. पण त्याचा पत्ता लागायचा बाईच्या बोलण्यावरून. तिला काय हवंसं वाटतं, पोटात कधी हललं, आज कमी हललं का, हे तिनं सांगायचं आणि सुईणीनं ऐकायचं. पोटाला कान लावायचा नव्हे, बाईकडे कान द्यायचा. हा फरक लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता येऊ १८१८ सालावर. हे साल आपल्याला पाठ आहे. पेशवाई संपली, खानदेश इंग्रजांकडे गेला, फेब्रुवारीत थाळनेरच्या किल्लेदाराला फाशी दिलं. त्याच वर्षी तिकडे जिनिव्हात मायोर नावाच्या एका शस्त्रवैद्यानं गरोदर बाईच्या पोटाला कान लावला आणि आईच्या नाडीपेक्षा वेगळे, भरभर पडणारे ठोके ऐकल्याची नोंद केली. का लावला असेल कान? त्या काळी बाळ आडलं तर डॉक्टरसमोर भयंकर निवड असायची. बाळ गेलेलं असेल तर ते कसंही बाहेर काढून आईला वाचवायचं. जिवंत असेल तर? तेव्हा ऐकण्याचा उपयोग एका प्रश्नापुरता होता : आत जीव आहे की नाही. आहे किंवा नाही, बस्. आपल्या मुठीतल्या डॉप्लरला आपण आजही हाच प्रश्न विचारतो. दोनशे वर्षं झाली.

मायोरच्या नोंदीकडे फारसं कोणी पाहिलं नाही. तोवर पॅरिसमध्ये लेनेकनं १८१६ साली स्टेथोस्कोप काढलेला होता. त्याची गोष्ट तुम्ही ऐकली असेल : तरुण बाईच्या छातीला थेट कान लावायचा संकोच, म्हणून कागदाची गुंडाळी केली. लाजेतून जन्मलेलं यंत्र आहे ते. लेनेकच्याच वर्तुळातला केर्गारादेक नावाचा डॉक्टर १८२१ मध्ये ती नळी पोटाला लावून बसला. त्याला ऐकायचं होतं गर्भजलात बाळ हलल्यावर होणारं डुबुकडुबुक. ते राहिलं बाजूला, आणि ऐकू आले दोन आवाज. एक घड्याळाच्या टिकटिकीसारखा, मिनिटाला १४० च्या पुढे. दुसरा फुंकर मारल्यासारखा, आणि तो बरोबर आईच्या नाडीच्या तालात.

हे दोन आवाज ओळखून वेगळे करणं, हीच खरी विद्या. पहिला बाळाचा. दुसरा गर्भाशयाच्या रक्तवाहिन्यांचा, म्हणजे आईचा. डब्लिनच्या एव्हरी केनेडीनं १८३३ मध्ये या ऐकण्यावर अख्खं पुस्तक लिहिलं. शतक संपता संपता पिनारचा लाकडी कर्णा आला, तोच जो आपल्या नर्सबाईंच्या प्रशिक्षणात अजून दाखवतात. एक टोक पोटावर, एक कानाला, हात सोडून द्यायचा. त्यातून ठोके साधारण पाचव्या महिन्याच्या आसपास लागायचे, त्याआधी नाही. आणि शिकवताना एक सवय लावायची : कानानं ठोके मोजताना बोटं आईच्या मनगटावर हवीत. दोन्ही आकडे एकच आले, तर तुम्ही बाळाला नाही, आईलाच ऐकताय.

आपल्याकडे या सगळ्याचं काय चाललं होतं? मराठी माणसाला या प्रश्नाची धग एका नावात सापडते. आनंदीबाई जोशी. कल्याणची मुलगी, चौदाव्या वर्षी बाळंत झाली, मूल दहा दिवस जगलं. पुढं ती अमेरिकेत फिलाडेल्फियाला गेली, १८८६ मध्ये एमडी झाली, आणि प्रबंधाचा विषय घेतला प्राचीन हिंदूंचं प्रसूतिशास्त्र. म्हणजे जिचं मूल गेलं, तीच आपल्या जुन्या ग्रंथांत काय होतं ते नव्या विद्येच्या दारात मांडायला उभी राहिली. पुढच्याच वर्षी, १८८७ मध्ये, ती गेली. वय बावीसही पूर्ण नव्हतं. मला नेहमी वाटतं, आपण तिचा ‘पहिली डॉक्टर’ म्हणून सत्कार करतो आणि ते दहा दिवसांचं मूल एका वाक्यात उरकतो.

आता डॉप्लर. क्रिस्तियान डॉप्लरचा बाळंतपणाशी काडीचा संबंध नव्हता. १८४२ साली प्रागमध्ये त्यानं जोडताऱ्यांच्या रंगांबद्दल निबंध वाचला. भुसावळच्या फलाटावर शिट्टी देत जाणारी गाडी जवळ येताना आवाज चढा वाटतो, लांब जाताना उतरतो, तेच तत्त्व. सव्वाशे वर्षांनी, १९६४ च्या सुमारास, अमेरिकेत ते पोटावर वापरलं गेलं. यंत्र कानाला न ऐकू येणाऱ्या लहरी आत सोडतं, हलणाऱ्या वस्तूवर आपटून त्या थोड्या बदलून परत येतात, आणि तो बदल यंत्र आवाजाच्या रूपात ऐकवतं. म्हणजे तो घोड्याच्या टापांसारखा आवाज बाळाच्या हृदयाचा मूळ आवाज नव्हेच. आत काहीतरी हलतंय, एवढीच ती बातमी. हृदय हललं तरी आवाज, वारेतलं रक्त वाहिलं तरी आवाज, आईच्या पोटातली मोठी धमनी उडाली तरी आवाज. केर्गारादेकचे दोन आवाज इथं एकाच स्पीकरमधून येतात.

आणि इथं एक वाईट गंमत आहे. पोटातल्या बाळाचे ठोके साधारण ११० ते १६० असतात. निवांत बसलेल्या आईची नाडी ८०-९०, सहज वेगळी कळते. पण बाई घाबरलेली असेल, रात्री दोन वाजता उठून हात थरथरत यंत्र लावत असेल, तर तिचीच नाडी ११०, १२० ला जाते. पडद्यावर आकडा येतो ११८. घरच्यांना हायसं वाटतं. ज्या भीतीपोटी यंत्र हातात घेतलं, तीच भीती बाळाचा आकडा होऊन समोर येते. उलटंही होतं. अकराव्या-बाराव्या आठवड्यात बाळ एवढंसं असतं, टोक जरा वाकडं लागलं की काहीच सापडत नाही, आणि पोटात सगळं ठीक असताना घरात रडारड सुरू होते.

माझ्या ओळखीतल्या एका घरची गोष्ट सांगतो, यावल तालुक्यातली. आठवा महिना उलटलेला. आधीचं एक बाळ पोटातच गेलेलं, त्यामुळे डॉप्लर होतं. सकाळपासून सुनेला हालचाल कमी वाटत होती. तिनं यंत्र लावलं, आवाज आला. सासूबाई म्हणाल्या, “ठोके लागून राहिले ना व माय, मंग कायले घाबरती?” सासूबाई वाईट नव्हत्या, त्यांनाही तेच ऐकायचं होतं. दुपार गेली, पुन्हा लावलं, पुन्हा आवाज. संध्याकाळी माहेराहून आईचा फोन आला. तिनं डॉप्लर कधी पाहिलेलं नव्हतं. ती म्हणाली, “ठोक्याचं राहू दे, बाळ किती वेळा हललं ते सांग.” सून गप्प झाली. मग गाडी काढली, जळगाव गाठलं, रात्री सिझर झालं. मुलगी आहे, आता शाळेत जाते.

सगळ्यांचं असं होत नाही. २००९ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये दोन डॉक्टरांनी इंग्लंडमधली एक केस छापली. अडतीस आठवड्यांची गरोदर बाई, हालचाल कमी झालेली, घरच्या डॉप्लरवर आवाज ऐकून ती थांबली. दवाखान्यात पोचली तेव्हा बाळ गेलेलं होतं. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानं २०१४ साली असली यंत्रं घरी वापरू नका असा इशारा दिला. ब्रिटनच्या संसदेत २०१७ मध्ये त्यांच्या विक्रीवर नियंत्रणाचं विधेयक आलं, पण त्याचा कायदा झाला नाही.

मग दवाखान्यात तरी काय वेगळं करतात? पट्टा बांधतात, वीस-वीस मिनिटं ठोक्यांचा आलेख काढतात. तिथं ठोका आहे का हे कोणी विचारत नाही. तो कसा बदलतो हे बघतात. बाळ हललं की चढतो का, कळ आली की कसा उतरतो आणि पुन्हा सावरतो का. हे शास्त्र उभं राहिलं विसाव्या शतकाच्या मध्यानंतर. म्हणजे ‘जिवंत आहे का’ पासून ‘बरं आहे का’ पर्यंत यायला मायोरनंतर दीडशे वर्षं लागली. घरातलं यंत्र मात्र १८१८ च्याच प्रश्नाचं उत्तर देतं, आणि आपण ते दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर म्हणून ऐकतो. संकटात सापडलेल्या बाळाचं हृदय अगदी शेवटपर्यंत धडधडत असतं. हालचाल मात्र बऱ्याचदा आधी कमी होते.

आता जरा अवघड भागाकडे येतो. खानदेशात पोटावर यंत्र लावण्याला आणखी एक इतिहास आहे, आणि तो न बोलता जळगावात हा विषय पुरा होत नाही. गर्भलिंगनिदानाविरुद्ध देशातला पहिला कायदा महाराष्ट्रानं केला, १९८८ मध्ये. केंद्राचा आला १९९४ मध्ये. तो नीट राबवला जात नाही म्हणून २००० साली सेहत, मासूम या संस्था आणि साबू जॉर्ज सर्वोच्च न्यायालयात गेले, त्यानंतर २००३ मध्ये कायदा कडक झाला. तरीही जळगाव जिल्ह्यात सहा वर्षांखालच्या हजार मुलग्यांमागे मुली २००१ मध्ये ८८० होत्या, त्या २०११ मध्ये ८४२ वर आल्या. सोन्याच्या बाजाराचं, केळीच्या पैशाचं गाव आपलं. गरिबी हे कारण सांगायची सोय नाही.

तर या भागात गरोदर बाईची काळजी एकच नव्हती. एक काळजी तिची : जगेल ना? दुसरी घरच्यांची : काय आहे? डॉप्लर चित्र दाखवत नाही, त्यावरून लिंग कळत नाही. पण ठोके १४० च्या वर म्हणजे मुलगी, खाली म्हणजे मुलगा, ही समजूत अजून ऐकायला मिळते, आणि यंत्राच्या पडद्यावर नेमका आकडाच असतो. ही समजूत आजीबाईंच्या बटव्यातली आहे असं लोक धरून चालतात. पण असाच दावा १८५९ मध्ये फ्रांकेनहॉयझर नावाच्या जर्मन डॉक्टरनं वैद्यकीय नियतकालिकात छापला होता. पुढे तपासून पाहिल्यावर तो टिकला नाही. बाळ झोपलंय की जागं, किती आठवड्यांचं आहे, यावर ठोके बदलतात. एकाच दिवसात १३० ही होतात आणि १५० ही. तेव्हा तिसरी मुलगी होईल या धाकानं पडद्याकडे बघणारी बाई आणि बाळ जाईल या धाकानं बघणारी बाई, दोघी एकच आकडा बघत असतात. कधी कधी ती एकच बाई असते.

मी यंत्राच्या विरोधात नाही. उपकेंद्रात नर्सबाईंच्या हातात हेच डॉप्लर असतं, आणि तिथं ते चांगलं काम करतं. त्यांचं दुसरं बोट मनगटावर असतं, त्या पोट चाचपतात, रक्तदाब बघतात, आणि शंका आली तर गाडी बोलावतात. सातपुड्याच्या पायथ्याच्या गावातून धुळ्याला किंवा जळगावला पोचायला दोन-अडीच तास सहज जातात. घरात आवाज ऐकून घालवलेली दुपार त्या अडीच तासांत मिळवायची असते. शहरात दवाखाना दहा मिनिटांवर असताना जो उशीर परवडेल, तो चोपड्याच्या किंवा शिरपूरच्या वरच्या पाड्यावर परवडत नाही.

व्याख्यानाआधी एका ताईंनी चिठ्ठी पाठवली होती, की यंत्र घरात आहेच, तर टाकून द्यायचं का. ताई, ते तुमच्या डॉक्टरबाईंना विचारा. ऐकायचंच असेल तर सगळं ठीक असताना ऐका, नवऱ्याला ऐकवा, आणि एक हात स्वतःच्या नाडीवर ठेवा. हालचाल कमी वाटली त्या दिवशी मात्र त्याला हात लावू नका, सरळ निघा. प्रत्येक बाळाची हलण्याची एक रीत असते, कोणाची जेवणानंतर, कोणाची रात्री पाठ टेकली की, आणि ती रीत फक्त तुम्हाला माहीत असते. दवाखान्यात गेल्यावर डॉक्टरही पट्टा बांधायच्या आधी तेच विचारतील, शेवटचं कधी हललं. ते सांगता आलं पाहिजे. आणि सगळं ठीक निघालं तर परत या, पुन्हा वाटलं तर पुन्हा जा. तिसऱ्यांदा गेलात म्हणून कोणी रागावलं, तर रागावू द्या.