साधने आली दाराशी



सातवीच्या वर्गात भिंतीवर नकाशा टांगलेला असतो. कडा फाटलेल्या, मधल्या घडीवर रंग उडालेला. एखादा चौकस मुलगा उठतो आणि विचारतो, "गुरुजी, ह्यात आपलं गाव कुठंय?" गुरुजी हसतात आणि म्हणतात, "एवढ्या मोठ्या देशात आपलं गाव कसं दिसेल रे? बस खाली." मुलगा बसतो. पण त्याच्या मनात एक गोष्ट कायमची बसते, की भूगोल म्हणजे दुसऱ्यांच्या गावाचा आणि इतिहास म्हणजे दुसऱ्यांच्या घराण्याचा.

खरे सांगायचे तर त्या मुलाच्या प्रश्नाला आज उत्तर आहे, आणि ते गुरुजींच्या खिशातल्या मोबाईलमध्ये आहे. पण ते तिथे कसे येऊन पोहोचले, हे आधी पाहू. वस्तूची किंमत कळल्याशिवाय तिचा वापर नीट होत नाही.

१८०२ सालच्या एप्रिल महिन्यात मद्रासजवळ सेंट थॉमसच्या टेकडीपाशी विल्यम लॅम्बटन नावाच्या एका लष्करी अधिकाऱ्याने जमीन मोजावयास सुरुवात केली. हातात १०० फुटी पोलादी साखळी. सुमारे साडेसात मैलांची एक सरळ रेघ मोजावयाची, म्हणजे साखळी जवळजवळ ४०० वेळा ताणून धरावयाची. ही झाली पायारेषा. पुढचे काम त्रिकोणाचे. त्रिकोणाची एक बाजू आणि तिच्या दोन टोकांचे कोन ठाऊक असले, की उरलेल्या दोन बाजू गणिताने निघतात. त्या बाजूंवर नवे त्रिकोण, त्यांवर आणखी नवे. असे करीत करीत ही त्रिकोणांची माळ थेट हिमालयापर्यंत गेली.

कोन मोजण्याचे यंत्र होते अर्ध्या टनाचे. १८०८ साली तंजावरच्या देवळावर ते चढविताना दोर तुटला आणि यंत्र भिंतीवर आदळले. लॅम्बटनसाहेब तंबूत बसले आणि कित्येक आठवडे खपून त्यांनी ते स्वतःच्या हाताने दुरुस्त केले. हे लॅम्बटनसाहेब शेवटी कुठे वारले, ठाऊक आहे? आपल्या वर्धा जिल्ह्यात, हिंगणघाटला, १८२३ साली. त्यांची कबर अजून तिथे आहे.

पण साहेबांची नावे राहिली, साखळी धरणाऱ्यांची राहिली नाहीत. जंगलात हिवतापाने जे मेले, ज्यांनी डोक्यावरून यंत्रे वाहिली, त्यांचा हिशेब कुणी ठेवला नाही. काही थोडी नावे मात्र उरली. बंगालचे राधानाथ सिकदार त्यांपैकी एक. जगातील सर्वांत उंच शिखर कोणते, हे ठरविणारी आकडेमोड त्यांच्या हातून झाली, आणि १८५६ साली त्याची उंची २९,००२ फूट म्हणून जाहीर झाली. शिखराला नाव मिळाले ते मात्र एव्हरेस्टसाहेबांचे.

दुसरे नाव खास शिक्षकांसाठी सांगतो. कुमाऊंच्या डोंगरातील मिलम गावचे नैनसिंग रावत. हे पेशाने शाळामास्तर. तिबेटात परक्यांना बंदी होती, म्हणून सर्वेक्षण खात्याने ह्या मास्तरांना यात्रेकरूच्या वेशात पाठविले. जपमाळेत १०८ मणी असतात. ह्यांच्या माळेत होते १००. दर १०० पावलांना एक मणी सरकवायचा. २,००० पावलांचा एक मैल. म्हणजे माळ एकदा फिरली, की पाच मैल झाले. टिपणे ठेवायची प्रार्थनाचक्रात लपवून. १८६६ च्या जानेवारीत ते ल्हासाला पोहोचले. पाणी किती उष्णतेला उकळते ते पाहून त्यांनी त्या शहराची उंची काढली. लंडनच्या भूगोल-संस्थेने १८७७ साली त्यांना सुवर्णपदक दिले. एका खेड्यातल्या मास्तरने पावले मोजून जगाचा नकाशा दुरुस्त केला, ही गोष्ट वर्गात जरूर सांगा.

भूगोलाची साधने अशी झाली. इतिहासाची साधने जमविण्याची कथाही पायपिटीचीच आहे. 'साधने' हा शब्द आपल्याकडे रूढ केला तो इतिहासाचार्य राजवाड्यांनी. जुने दप्तर कुणाच्या माळ्यावर, कुणाच्या बळदात, वाळवी लागलेले. राजवाडे गावोगाव हिंडले, वाड्यांच्या ओसऱ्यांवर बसले, मालकांची मनधरणी करून त्यांनी कागद मिळविले. १८९८ साली 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' ह्या मालेचा पहिला खंड निघाला, आणि पुढे खंडांची संख्या २२ झाली. सरकारच्या ताब्यातले पेशवे दप्तर तर आपल्या अभ्यासकांना दुर्मीळच होते. त्यातून निवडलेले कागद गो. स. सरदेसाईंच्या संपादनाखाली ४५ भागांत बाहेर पडले ते १९३० ते १९३४ ह्या वर्षांत.

आता ह्या सगळ्यात एक गोष्ट तुमच्या ध्यानात आली असेल. साधने होती, पण ती कुलुपात होती. नकाशे लष्कराच्या कामाचे, म्हणून जपून ठेवलेले. गॅझेटिअर साहेबाच्या कचेरीत. ऐतिहासिक खंड मोठ्या शहरांतील ग्रंथालयांत. खेड्यातल्या शिक्षकाने ते पाहायचे कधी?

ते कुलूप आमच्या हयातीत उघडले. २००५ च्या राष्ट्रीय नकाशा धोरणाने लोकांसाठी वेगळी नकाशामाला ठरविली. २०१७ साली भारतीय सर्वेक्षण खात्याने त्यातले नकाशे संकेतस्थळावरून फुकट देण्यास आरंभ केला, आणि २०२१ च्या फेब्रुवारीत नियम आणखी सैल झाले. आपल्या अवकाश-संशोधन संस्थेचे 'भुवन' हे संकेतस्थळ २००९ पासून आहे. त्यावर आपल्या गावाचे आकाशातून घेतलेले चित्र दिसते. राजवाड्यांचे खंड 'इंटरनेट आर्काइव्ह'वर वाचावयास मिळतात. मुंबई इलाख्याची जुनी गॅझेटिअरे महाराष्ट्र शासनाच्या दर्शनिका विभागाने संकेतस्थळावर आणली आहेत. मराठी विश्वकोशाचे २० खंड कुणालाही विनामूल्य वाचता येतात. बालभारतीची पुस्तकेही तशीच उतरवून घेता येतात.

तुम्ही म्हणाल, साहेब, आमच्याकडे रेंज नाही. असू दे. तालुक्याच्या गावी गेलात की उतरवून घ्या, एखादे पान छापून आणा. सगळ्या वर्गाला मिळून एक मोबाईल पुरे होतो.

खरी अडचण रेंजची नाही, निराळीच आहे. माझ्याच वर्गात एकदा ४० मुलांनी एकाच विषयावर निबंध लिहून आणले. त्यांतल्या ३० जणांनी एकच सनावळ चुकवली होती, आणि तीही एकाच तऱ्हेने! मोबाईलवर जे पान सर्वांत वर आले, ते सगळ्यांनी उतरून काढले. हे पान कुणी लिहिले, कशावरून लिहिले, हे एकालाही विचारावेसे वाटले नाही. दोष मुलांचा नाही. आम्ही त्यांना साधन दिले, साधनाची पारख दिली नाही.

पारख म्हणजे काय, ते एका अनुभवाने सांगतो. भीमा नदीवरचे उजनी धरण १९८० साली पुरे झाले. त्याच्या पाण्याखाली कितीतरी गावे गेली. उन्हाळ्यात पाणी फार ओसरले, की पळसदेवच्या जुन्या देवळाचे शिखर आणि मंडप उघडे पडतात. ह्या काठावरच्या एका शाळेत मला बोलाविले होते. मी दोन कागद छापून नेले. एक होता अमेरिकन लष्कराच्या नकाशा-खात्याने १९५० च्या दशकात छापलेला आपल्या भागाचा नकाशा. तो टेक्सास विद्यापीठाच्या ग्रंथालयाने सर्वांसाठी खुला ठेवला आहे. त्यात एका सेंटिमीटरला अडीच किलोमीटर. दुसरे होते उपग्रहाने घेतलेले आजचे चित्र. पहिल्यात भीमा बारीक दोऱ्यासारखी. दुसऱ्यात तिचा समुद्र झालेला.

मुलांनी दोन्ही कागद शेजारी ठेवले आणि कोणते गाव कुठे गेले ते शोधू लागली. तेवढ्यात एका मुलाची आजी, जी नुसती पाहायला आली होती, ती पुढे झाली. तिने नकाशावर बोट ठेवले आणि म्हणाली, "नदी काढलीया, पर वाळवंटातली आमची कलिंगडाची वाडी कुठं काढलीया?"

वर्ग गप्प झाला. अमेरिकेच्या लष्कराला कलिंगडाच्या वाडीशी काय काम? त्यांना हवे होते रस्ते, पूल, नदीचे उतार. नकाशा खोटा नव्हता. तो दुसऱ्याच्या गरजेपुरता खरा होता. मग मुलांनी आजीच्या सांगण्यावरून वाडी काढली, घाट काढला, जुनी शाळा काढली. तो दिवस मी विसरणार नाही. इतिहास आणि भूगोल हे दोन विषय त्या एका कागदावर एकत्र आले होते.

गॅझेटिअरचेही असेच आहे, किंबहुना तिथे जास्त जपायला हवे. कॅम्पबेलसाहेबांच्या देखरेखीखाली ते निघाले. रत्नागिरीचा खंड १८८० चा, नाशिकचा १८८३ चा, पुण्याचा आणि साताऱ्याचा १८८५ चा. पिके, बाजार, किल्ले, दुष्काळ, ह्यांची माहिती अशी की वाचून थक्क व्हावे. पण त्यातच जातींची वर्णनेही आहेत. अमकी जात आळशी, तमकी चोरटी, असे शिक्के बिनदिक्कत मारलेले. १८७१ च्या कायद्याने तर काही जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरविले होते, आणि तो डाग कायद्याने पुसला गेला १९५२ साली. आता विचार करा. त्यांपैकी एखाद्या घरचे लेकरू तुमच्या वर्गात तिसऱ्या बाकावर बसलेले आहे, आणि दुसरा मुलगा मोबाईलवरून ते पान मोठ्याने वाचतो आहे. छापील आहे, सरकारी आहे, म्हणजे खरेच असणार, असे त्या दोघांनाही वाटेल. तिथे गुरुजी पाहिजेत. "बाळांनो, हे लिहिणारा कोण होता? त्याने त्या लोकांना विचारले होते का? राज्य करणाऱ्याला असे लिहिणे सोयीचे का वाटले?" हे तीन प्रश्न मोबाईल विचारणार नाही. ते माणसानेच विचारले पाहिजेत.

म्हणून शिक्षक मित्रांना माझी एक विनंती आहे. ह्या वर्षी आपल्या गावाचा एक नकाशा उतरवून घ्या. आपल्या तालुक्याविषयी गॅझेटिअरमध्ये काय आहे ते काढा. इंग्रजी अवघड वाटले तर दोन परिच्छेद तुम्ही मराठीत करून द्या. मग मुलांना घेऊन शिवारात चला. ओढा नकाशात आहे तिथेच आहे का? जुनी पांढरी कुठे होती? कोणत्या विहिरीचे पाणी कुणाला बंद होते? जे सापडेल ते वहीत लिहा. कुणी सांगितले त्याचे नाव आणि सांगितल्याची तारीख घाला. राजवाड्यांनी ह्याहून निराळे काय केले?

आणि हे ऐकणाऱ्या वडीलधाऱ्या मंडळींना सांगणे एवढेच, की पोरे वही घेऊन आली तर "काय करायचंय जुनं उकरून" असे म्हणू नका. नकाशे आता हरवणार नाहीत, त्यांच्या प्रती जगभर आहेत. पण कलिंगडाची वाडी कुठे होती हे त्या आजीखेरीज कुणाला ठाऊक नव्हते. ती बोलली म्हणून ती वाडी आज एका वहीत आहे. तुमच्या गावची जी वाडी फक्त तुम्हांला ठाऊक आहे, ती तुम्ही आजच सांगून ठेवा.