सरासरी गाठूनही दुष्काळ! पाऊस, धरणे आणि पिकांचे आकडे कसे वाचावेत?

विशेष प्रतिनिधी

२०२३ च्या पावसाळ्यात महाराष्ट्रातील एकही हवामान उपविभाग तुटीचा ठरला नाही. कोकण-गोवा, मध्य महाराष्ट्र, मराठवाडा आणि विदर्भ हे चारही उपविभाग भारतीय हवामान विभागाच्या वर्गवारीत ‘सरासरी’च्याच रकान्यात राहिले. तरीही ३१ ऑक्टोबर २०२३ रोजी राज्य सरकारला ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर करावा लागला आणि त्यानंतर दहाच दिवसांत आणखी १,०२१ महसूल मंडळांत दुष्काळसदृश परिस्थिती असल्याचे मान्य करावे लागले. यातला कोणताही आकडा खोटा नव्हता. पाऊस हवामान विभाग व कृषी विभाग मोजतात, धरणांतील पाणी जलसंपदा विभाग मोजतो आणि पिकांची नोंद महसूल यंत्रणा ठेवते. प्रत्येकाचे एकक वेगळे आणि हिशेबाचा दिवसही वेगळा असतो. शहरातील वाचक हे आकडे पाणीकपात होणार की नाही, एवढ्यापुरतेच पाहतो. शेतकऱ्याच्या कर्जाची वसुली, कृषिपंपाचे वीजबिल आणि मुलांचे परीक्षा शुल्क मात्र त्याच आकड्यांवर ठरते.

एका मिलिमीटरचा हिशेब

एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक चौरस मीटर जागेवर एक लिटर पाणी. एका हेक्टरवर दहा हजार लिटर. पावसाची अधिकृत नोंद सकाळी साडेआठ वाजता घेतली जाते व ती आधीच्या २४ तासांची असते. आदल्या दिवशी दुपारी झालेला पाऊस त्यामुळे दुसऱ्या दिवसाच्या तारखेला दिसतो. एवढी साधी गोष्ट ठाऊक नसल्यामुळे वृत्तपत्रांच्या कचेरीत पावसाळ्यात अनेक दूरध्वनी येतात, हे येथे नमूद करायला हरकत नाही.

पर्जन्यमापक जेथे उभा आहे, तेथलाच पाऊस मोजतो. मुंबईकरांना हे वेगळे सांगायला नको. २६ जुलै २००५ च्या प्रलयात सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला आणि त्याच मुंबईतील कुलाब्यात केवळ ७३ मिलिमीटर. दोन्ही ठिकाणांची सरासरी काढून ‘मुंबईत पाचशे मिलिमीटर पाऊस’ असे म्हटले असते, तर ते ना सांताक्रूझला लागू पडले असते, ना कुलाब्याला. तालुक्याची किंवा जिल्ह्याची सरासरी काढताना नेमके हेच घडते. सातारा जिल्ह्यात महाबळेश्वर आहे आणि माण-खटावही आहे. महाबळेश्वरला वर्षाकाठी पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस होतो, तर माणदेशात पाचशे मिलिमीटर झाला तरी समाधान मानले जाते. अशा जिल्ह्याची सरासरी ऐकून माणच्या शेतकऱ्याने काय समजावे?

पूर्वी पर्जन्यमापक मुख्यतः तहसील कचेरीच्या किंवा मंडळाच्या गावी असत व हाताने मोजले जात. ‘महावेध’ प्रकल्पांतर्गत २०१७ पासून महसूल मंडळ पातळीवर स्वयंचलित हवामान केंद्रे उभारली गेली. अशी दोन हजारांहून अधिक केंद्रे राज्यात आहेत. सुधारणा मोठी आहे, यात शंका नाही. तरीही राज्याच्या तीन लाख सात हजार चौरस किलोमीटर क्षेत्रफळाला या संख्येने भागले, तर साधारण दीडशे चौरस किलोमीटरमागे एक केंद्र येते. एका मंडळात अनेक गावे असतात. चोवीस तासांत मंडळात ६५ मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला की अतिवृष्टी मानली जाते व त्यावरून पीकनुकसानीचे पंचामे सुरू होतात. केंद्रापासून दहा किलोमीटरवरील गावात ढगफुटीसारखा पाऊस झाला आणि केंद्रावर ५० मिलिमीटरचीच नोंद झाली, तर त्या गावाचे शेतकरी तहसीलदारांच्या दारात उभे राहतात. पावसाळ्यात ग्रामीण भागातून येणाऱ्या तक्रारींत ही तक्रार नेहमीचीच आहे.

‘सरासरी’ म्हणजे काय?

हवामान विभाग दीर्घकालीन सरासरीशी तुलना करतो. देशाचा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांचा सरासरी पाऊस सध्या ८७ सेंटिमीटर धरला जातो. तो १९७१ ते २०२० या पन्नास वर्षांचा आहे. त्यापूर्वी हा आकडा ८८ आणि त्याआधी ८९ सेंटिमीटर होता. जुन्या बातम्यांतील टक्केवारीशी आजच्या टक्केवारीची थेट तुलना करताना हे ध्यानात ठेवलेले बरे. उपविभाग व जिल्ह्यांसाठी सरासरीपेक्षा १९ टक्के कमी ते १९ टक्के जास्त एवढ्या पट्ट्यातील पाऊस ‘सरासरीइतका’ समजला जातो. वीस टक्क्यांपासून तूट सुरू होते आणि साठ टक्क्यांपासून मोठी तूट. म्हणजे १८ टक्के कमी पाऊस झालेला जिल्हाही कागदावर सुखरूप असतो.

त्याहून महत्त्वाची बाब म्हणजे पाऊस पडला केव्हा. सोयाबीन आणि कापूस ही दोनच पिके राज्याच्या खरिपाचे निम्म्याहून अधिक क्षेत्र व्यापतात. त्यांपैकी सोयाबीन हे साधारण शंभर दिवसांचे पीक. पेरणी ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस होऊन जमिनीत पुरेशी ओल आल्यावरच करावी, असा कृषी विभागाचा दरवर्षीचा सल्ला असतो. मृगाच्या पहिल्या सरीवर चाड्यावर मूठ धरणाऱ्यावर दुबार पेरणीची वेळ येते, ती याच कारणाने. पुढे ऑगस्टमध्ये पीक फुलोऱ्यात येते, शेंगा धरतात. या काळात पावसाने तीन आठवडे दडी मारली, तर दाणे भरत नाहीत आणि मग सप्टेंबरमध्ये कितीही कोसळला तरी ते नुकसान भरून निघत नाही. हंगामाची बेरीज मात्र भरून निघते!

२०२३ मध्ये हेच झाले. त्या वर्षीचा ऑगस्ट हा देशात १९०१ पासूनचा सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला. महिन्याची तूट ३६ टक्के होती. सप्टेंबरमध्ये सरासरीपेक्षा अधिक पाऊस झाला आणि देशाचा हंगाम ९४ टक्क्यांवर संपला. टक्केवारीपेक्षा ‘खंड’ किती दिवसांचा, हा प्रश्न शेतीच्या दृष्टीने अधिक मोलाचा आहे, तो यासाठी. वृत्तपत्रांच्या तक्त्यांत तो रकाना क्वचितच असतो.

धरणाची टक्केवारी आणि ‘उणे’ पाणी

धरणात पाणी किती, हे कोणी प्रत्यक्ष मापून काढत नाही. पाण्याची पातळी समुद्रसपाटीपासून किती मीटरवर आहे हे दररोज सकाळी पाहिले जाते आणि त्या पातळीला किती साठा असतो, याच्या तयार तक्त्यावरून आकडा काढला जातो. पैठणच्या जायकवाडीची पूर्ण संचय पातळी १,५२२ फूट आहे व त्या वेळी जलाशय सुमारे ३५ हजार हेक्टरवर पसरलेला असतो. एवढ्या विस्तारात पातळी एक सेंटिमीटरने वाढली, तरी साठा सुमारे ३५ लाख घनमीटरने वाढतो. तळाशी गाळ साचत गेला की जुना तक्ता प्रत्यक्षापेक्षा जास्त पाणी दाखवू लागतो. म्हणूनच जलाशयांचे फेरसर्वेक्षण करावे लागते.

टीएमसी म्हणजे एक अब्ज घनफूट पाणी. लिटरमध्ये सांगायचे तर सुमारे २,८३२ कोटी लिटर. पुण्याच्या खडकवासला, पानशेत, वरसगाव व टेमघर या चार धरणांची मिळून उपयुक्त साठवणक्षमता २९.१५ टीएमसी आहे. मुंबईला पाणी पुरवणाऱ्या सात तलावांची क्षमता १४ लाख ४७ हजार ३६३ दशलक्ष लिटर, म्हणजे सुमारे ५१ टीएमसी आहे. सोलापूर जिल्ह्यातील एकट्या उजनीचा उपयुक्त साठा ५३.५७ टीएमसी आहे, यावरून तिच्या आकाराची कल्पना यावी.

बातमीतील टक्केवारी ही या ‘उपयुक्त’ साठ्याची असते. धरणाच्या विमोचकाखालील पाणी कालव्यात नेता येत नाही, तो मृतसाठा. जायकवाडीत १०२ टीएमसीपैकी सुमारे २६ टीएमसी मृतसाठा आहे. उजनीत तर मृतसाठाच ६३ टीएमसीच्या वर, म्हणजे उपयुक्त साठ्याहून अधिक आहे. त्यामुळे उजनी शून्य टक्क्यावर आली तरी समोर अथांग पाणी दिसते, आणि त्यातून उपसा होऊ लागला की टक्केवारी ‘उणे’ होते. २०२४ च्या उन्हाळ्यात ती उणे ६० टक्क्यांच्या आसपास गेली होती. तेव्हाही धरणात तीस टीएमसीहून अधिक पाणी शिल्लक होते. राज्यातील सुमारे तीन हजार लहान-मोठ्या प्रकल्पांची एकत्रित टक्केवारी दिली जाते, तिचा उपयोग फारच मर्यादित आहे. पश्चिम घाटाच्या पायथ्याची धरणे जुलैतच भरून वाहू लागतात आणि त्यांच्या जोरावर राज्याचा आकडा चढतो. कोयना भरल्याने लातूरची तहान भागत नाही.

१५ ऑक्टोबरचा आकडा

वर्षभरातील रोजच्या नोंदींत एका दिवसाच्या नोंदीला विशेष वजन आहे. १५ ऑक्टोबरला पावसाळा संपल्याचे गृहीत धरून त्या दिवशीच्या साठ्यावर पुढील वर्षाचे नियोजन होते. पिण्यासाठी, उद्योगासाठी किती राखायचे आणि रब्बी-उन्हाळी हंगामाला किती आवर्तने द्यायची, हे कालवा सल्लागार समिती त्यावरून ठरवते. गोदावरी खोऱ्यात तर या दिवशीच्या टक्केवारीवर दोन विभागांत भांडण होते. मेंढेगिरी समितीच्या अहवालाच्या आधारे महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाने सप्टेंबर २०१४ मध्ये आदेश दिला. जायकवाडीचा उपयुक्त साठा १५ ऑक्टोबरला ६५ टक्क्यांपेक्षा कमी असेल, तर वरच्या नाशिक व नगर जिल्ह्यांतील धरणांतून पाणी सोडावे, असे त्यातून ठरले. २०२३ मध्ये जायकवाडी निम्मेही भरले नव्हते. ३० ऑक्टोबरला मुळा, प्रवरा, गंगापूर व दारणा समूहांतून ८.६ टीएमसी पाणी सोडण्याचा आदेश निघाला आणि त्यावरून आंदोलने झाली, न्यायालयाच्या पायऱ्या चढल्या गेल्या. साठा दोन टक्क्यांनी इकडे-तिकडे झाला, तर नाशिकच्या द्राक्षबागेचे किंवा पैठणच्या डाव्या कालव्यावरील गव्हाचे एक आवर्तन जाते, हे ध्यानात घेतले म्हणजे या संतापाचा उलगडा होतो.

शिवारातील नोंद

पिकांची स्थिती पाहण्याची सर्वांत जुनी पद्धत पैसेवारीची. रुपयाला सोळा आणे होते त्या काळात तिला आणेवारी म्हणत. गावातील प्रमुख पिकांचे कापणी प्रयोग करून आलेले उत्पन्न हे प्रमाण उत्पन्नाच्या किती टक्के आहे, ते पैशांत सांगितले जाते. पन्नास पैशांच्या आत पैसेवारी आली की गाव टंचाईचे. सप्टेंबरअखेर नजरअंदाज, ऑक्टोबरअखेर सुधारित आणि डिसेंबरमध्ये खरिपाची अंतिम पैसेवारी जाहीर होते. नजरअंदाज पैसेवारी ही नावाप्रमाणेच नजरेने ठरते. त्यामुळे ती ४९ की ५१, यावर जिल्हा परिषदेच्या सभा गाजतात.

शेतात काय पेरले आहे, याची नोंद गाव नमुना बारावर पूर्वी तलाठी करीत असे. ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ‘ई-पीक पाहणी’ सुरू झाली व शेतकऱ्याने मोबाइलवरून आपल्या पिकाचे छायाचित्र टाकून स्वतः नोंद करावी, अशी सोय झाली. याच्या जोडीला उपग्रह आहेत. हिरवे पान तांबडा प्रकाश शोषून घेते आणि अवरक्त किरण मोठ्या प्रमाणात परावर्तित करते. या दोहोंतील फरकावरून वनस्पती निर्देशांक काढला जातो व आधीच्या वर्षांच्या त्याच पंधरवड्याशी ताडून पाहिला जातो. अडचण अशी की ऐन पावसाळ्यात आकाश ढगांनी झाकलेले असते आणि शेतातील तणही उपग्रहाला हिरवेच दिसते.

केंद्रीय कृषी मंत्रालयाच्या २०१६ च्या दुष्काळ व्यवस्थापन संहितेने हे सारे धागे एकत्र आणले. महाराष्ट्राने ती ऑक्टोबर २०१७ मध्ये स्वीकारली. पावसाची तूट व खंड ही पहिली कळ. ती दाबली गेली की पेरणीचे क्षेत्र, वनस्पती निर्देशांक, जमिनीतील ओल आणि जलसाठे यांची तपासणी होते. त्यात उतरलेल्या तालुक्यातील दहा टक्के गावांत जाऊन प्रत्यक्ष पिकांची पाहणी करायची आणि मगच दुष्काळ मध्यम की गंभीर, हे ठरवायचे. २०१८ मध्ये याच पद्धतीने १५१ तालुके जाहीर झाले. २०२३ मध्ये ४० तालुके निकषांत बसले. शेजारच्या तालुक्यांतील लोकांनी मात्र आमचे पीक वेगळे कसे, असा सवाल केला. तेव्हा राज्याने मंडळ हे एकक धरून नवा निकष लावला : जून ते सप्टेंबरमधील पाऊस सरासरीच्या ७५ टक्क्यांपेक्षा कमी आणि एकूण ७५० मिलिमीटरच्या आत. त्यातून १,०२१ मंडळे पुढे आली. त्यांना महसुलात सूट, कर्जवसुलीला स्थगिती, कृषिपंपाच्या वीजबिलात ३३.५ टक्के सवलत अशा सवलती मिळाल्या. केंद्राकडे मदतीचा प्रस्ताव गेला, तो मात्र ४० तालुक्यांचा. विभाजनाने नव्याने झालेली काही मंडळे तर या यादीतही येऊ शकली नाहीत, कारण तेथे पर्जन्यमापकच बसलेला नव्हता. अशा दोनशेहून अधिक मंडळांना फेब्रुवारी २०२४ पर्यंत थांबावे लागले.

या साऱ्या नोंदींत एक नोंद जमिनीखालची आहे आणि तिच्याकडे फारसे कोणाचे लक्ष जात नाही. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा राज्यभरातील सुमारे चार हजार निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा, म्हणजे जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबरमध्ये मोजते. ऑक्टोबरची पातळी मागील पाच वर्षांच्या सरासरीपेक्षा किती खाली आहे, यावरून कोणत्या गावात टंचाई केव्हा भासेल याचा अंदाज बांधला जातो आणि जिल्हाधिकारी कार्यालयात टँकर व विहीर अधिग्रहणाचा आराखडा तयार होतो. त्यानंतरचे मोजमाप थेट जानेवारीत होते. तोवर रब्बीची ज्वारी हुरड्यावर आलेली असते आणि विहिरीत मोटार किती वेळ चालते, हे शेतकऱ्याने घड्याळ लावून केव्हाच पाहिलेले असते.