विजेची राख

पिंपरी-चिंचवडपासून चाकणपर्यंत पसरलेल्या कारखान्यांच्या मुलुखात कोळसा जाळून वीज निर्माण करणारे मोठे केंद्र एकही नाही. त्यामुळे येथील सुशिक्षित गृहस्थास कोळशाच्या राखेचा प्रश्न विदर्भाचा वाटतो, आपला वाटत नाही. हा समज कसा रुजला, हे पाहावयाचे तर विजेचाच इतिहास थोडा चाळावा लागेल.

विजेची किंमत मोजण्याची पाळी पुणे जिल्ह्यावर पूर्वी आली होती. १९२१ साली मुळशीच्या मावळ्यांनी सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली टाटांच्या धरणाविरुद्ध सत्याग्रह केला. शेते बुडाली ती त्यांची; वीज गेली मुंबईकडे. पुढे १९५४ साली पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायोटिक्स निघाली, १९६२ साली राज्याचे औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले, आणि घेणारा व देणारा यांच्या जागा बदलल्या. वाढत्या यंत्रांस घाटावरचे पाणी पुरेना. एकलहरे, कोराडी, चंद्रपूर अशी कोळशाची केंद्रे एकामागून एक उभी राहिली. सर्व केंद्रांची वीज एकाच जाळ्यात मिसळते. तेव्हा चाकणच्या कारखान्यातील दिव्यात चंद्रपूरच्या कोळशाचा वाटा किती, हे कोणी निवडून दाखवू शकणार नाही. चंद्रपूरहून ठाणे जिल्ह्यातील पडघ्यापर्यंत सुमारे साडेसातशे किलोमीटरची उच्च दाबाची वाहिनी आहे. तिच्यातून वीज क्षणार्धात पश्चिमेस येते. राख मात्र जेथल्या तेथे राहते.

आणि ती थोडीथोडकी नसते. आपला कोळसा गोंडवन काळातील; वनस्पतींबरोबर गाळही त्यात दडपला गेला. म्हणून शंभर टन कोळशामागे तीस ते पंचेचाळीस टन राख उरते. बहुतेक राख धुराबरोबर वर जाते व विद्युत्-यंत्रांनी धुराड्यापूर्वीच पकडली जाते. जाडी राख भट्टीच्या तळाशी पडते. न उचललेली राख पाण्यात कालवून नळांवाटे तळ्यांत सोडण्याची रीत आहे. चुलीच्या राखेने भांडी घासणाऱ्या आपल्या समाजास राख निरुपद्रवी वाटते, परंतु या राखेत आर्सेनिक, शिसे, पारा यांचे अंश असतात, आणि तळ्याचा तळ पक्का नसला तर ते जमिनीत झिरपतात. १६ जुलै २०२२ रोजी अतिवृष्टीत नागपूरजवळील खसाळ्याचा राखेचा बंधारा फुटला व राखमिश्रित पाणी शेतांत आणि नाल्यांत शिरले. त्याच वर्षाच्या आरंभी कन्हान नदीच्या परिसरातील नांदगावच्या राखेवरून ग्रामस्थांनी ओरड केली होती. नागपूरकरांच्या पिण्याच्या पाण्याचा मोठा भाग याच कन्हानेतून येतो.

राखेस गुण नाही असे मात्र नव्हे. आपल्या जुन्या गवंड्यांनी चुन्यात विटांची सुरखी मिसळली, रोमन लोकांनी पोझुओलीची ज्वालामुखीची राख मिसळली. त्यातील सिलिका चुन्याशी संयोग पावून दगडासारखी कठीण होते. कोळशाची बारीक राख हेच कार्य करते. म्हणून पोझोलाना सिमेंटात तिचे प्रमाण पस्तीस टक्क्यांपर्यंत चालते. महाराष्ट्रातच घाटघरच्या धरणांत रोलरने दाबलेले, राखमिश्रित काँक्रीट वापरले गेले, आणि त्यात सिमेंटाहून राख अधिक होती. चिंचवड-मोशीकडे आज जे मजल्यांवर मजले चढत आहेत, त्यांच्या सिमेंटात व ठोकळ्यांत विजेची राख परत येतच आहे. राहणाऱ्यांस तिची वार्ता नसते एवढेच.

मग अडते कोठे? माझ्या मते भाड्यापाशी. १९९९ च्या केंद्रीय अधिसूचनेने केंद्राच्या पन्नास किलोमीटर परिघातील वीटवाल्यांस राख वापरणे सक्तीचे केले. २००३ साली परिघ शंभरावर गेला, २०१६ साली तीनशेवर. शंभर किलोमीटरपर्यंतचे वाहतूकभाडे केंद्राने सोसावे, पुढचे निम्मे निम्मे वाटून घ्यावे, असे तेव्हा ठरले. एकलहऱ्याची राख या हिशोबाने चाकणास पोचू शकते. चंद्रपूर आणि कोराडी परिघाबाहेर पडतात. साडेसातशे किलोमीटर वीज आणणाऱ्या वाहिनीस ही मर्यादा कोणी घातली नाही.

सरकारी आकडे समाधानकारक दिसतात. १९९६-९७ साली देशातील सुमारे सात कोटी टन राखेपैकी दहा टक्केही वापरली जात नव्हती. २०२१-२२ साली सत्तावीस कोटी टनांपैकी सुमारे शहाण्णव टक्के वापरली गेली. परंतु ‘उपयोग’ या शब्दात सिमेंट येते, तशी सखल जमिनीची व खाणींची भरतीही येते. भिंतीत बांधली गेलेली राख आणि खड्ड्यात लोटलेली राख यांस एकाच रकान्यात बसविणे हिशोबनिसास सोयीचे. विहिरीचे पाणी पिणाऱ्यास नव्हे. शिवाय हे टक्के त्या त्या वर्षाच्या राखेचे. तळ्यांत पूर्वीपासून साचलेल्या राखेसाठी ३१ डिसेंबर २०२१ च्या अधिसूचनेने दहा वर्षांची मुदत दिली, आणि जी तळी माती-झाडांनी स्थिर केली आहेत, त्यांस त्यातून सूट ठेवली.