सर्व्हरवरील कॅश : सर्वांचे काय आणि एकाचे काय?

अभियांत्रिकी प्रवेशाचे दिवस आले, की १९९१ पासून कर्वेनगरात असलेल्या कमिन्स महिला अभियांत्रिकी महाविद्यालयाचा मागील वर्षीचा 'कट-ऑफ' किती होता, ही विचारणा पुण्यातील अनेक घरांत होते. उत्तर सर्वांसाठी एकच आणि न बदलणारे. तरीही एखाद्या संकेतस्थळाने प्रत्येक विनंतीसाठी नव्याने डेटाबेस धुंडाळायचे ठरवले, तर ऐन गर्दीत सर्व्हर मान टाकणारच. म्हणून एकदा आणलेली माहिती स्मृतीत राखून ठेवतात. हीच 'कॅश'. रोख रकमेशी तिचा संबंध नाही. लपवणे या अर्थाच्या फ्रेंच क्रियापदावरून हा शब्द आला आहे.

एका विनंतीपुरती साठवण सर्वांत निर्धोक. पान तयार होताना उमेदवाराचा प्रवर्ग तीन ठिकाणी लागत असेल, तर तो एकदाच आणावा आणि पान रवाना होताच टाकून द्यावा. कट-ऑफसारखी सार्वजनिक माहिती मात्र सर्व विनंत्यांना मिळून वापरता येते. सर्व्हर अनेक असतील, तर ती स्वतंत्र, सामाईक साठ्यात ठेवतात. ब्रॅड फिट्झपॅट्रिक यांनी २००३ मध्ये लाइव्हजर्नल या संकेतस्थळासाठी तयार केलेली 'मेमकॅश्ड' प्रणाली याच गरजेतून जन्मली.

खरी मेख आहे ती माहिती ज्या नावाने ठेवली जाते त्या नावात. उमेदवाराचा अर्जक्रमांक न जोडता नुसत्या 'पसंतीक्रम' या नावाने यादी सामाईक साठ्यात गेली, तर एकीची पसंती दुसरीच्या पडद्यावर उमटेल. ही भीती काल्पनिक नव्हे. २५ डिसेंबर २०१५ रोजी 'स्टीम' या संगणकीय खेळांच्या विक्रीस्थळावर काही ग्राहकांना परक्यांच्या खात्यांची पाने दिसली. सुमारे ३४ हजार जणांची माहिती अशी उघडी पडली. तेथे चूक तयार पानांच्या साठवणीत होती, पण गफलत हीच.

सामाईक साठ्यातील वस्तू प्रोग्रॅमने केवळ वाचावी. प्रवर्गानुसार यादी गाळायची असेल, तर आधी प्रत काढावी. अन्यथा एका विनंतीने गाळलेली यादीच पुढच्या सर्वांच्या वाट्याला येते.

साठवणीची मुदत संपण्याचा क्षणही नाजूक असतो. त्या क्षणी आलेल्या साऱ्या विनंत्या एकदम डेटाबेसवर तुटून पडतात. अशा वेळी पहिल्या विनंतीलाच आत सोडावे आणि ताजी माहिती येईपर्यंत इतरांना जुनी प्रत द्यावी. कट-ऑफच्या बाबतीत हे चालून जाते. जागावाटपाच्या निकालाला मात्र ही सवलत देता येत नाही. नवी फेरी जाहीर होताच जुनी नोंद साठ्यातून काढावीच लागते, मग इतरांना क्षणभर ताटकळावे लागले तरी बेहत्तर.