स्त्रीधन, पोटगी आणि अर्जन : बालीगंज व पुणे

बालीगंज आणि मराठी यांचा संबंध सामान्यतः सत्येंद्रनाथ ठाकूर यांच्या संदर्भात सांगितला जातो. तुकारामांचे अभंग बंगालीत आणणारे हे सनदी अधिकारी मुंबई इलाख्यातील सेवेतून १८९७ मध्ये निवृत्त झाले आणि पुढे बालीगंजच्या स्टोअर रोडवर राहिले. या रस्त्याला नंतर गुरुसदय दत्त यांचे नाव मिळाले. या नावातून दोन्ही प्रांतांना जोडणारा दुसरा, कमी चर्चिलेला प्रश्न समोर येतो. तो म्हणजे आयुष्याच्या स्थित्यंतरांत, विशेषतः वैधव्यात, स्त्रीच्या निर्वाहाचा.

बंगालमधील दायभाग परंपरेत निपुत्रिक विधवेला एकत्र कुटुंबातही पतीचा हिस्सा मिळे. महाराष्ट्रातील मिताक्षरा परंपरेत अविभक्त पुरुषाचा हिस्सा सहदायादांकडे जाई व विधवेच्या वाट्याला पोटगी येई. परंतु बंगाली विधवेचा हक्कही मर्यादित होता. निकडीच्या कारणाविना तिला मिळकत विकता येत नसे. स्त्रीधन ही संज्ञा दोन्हीकडे होती. तथापि बहुतांश स्त्रियांच्या बाबतीत ते दागिने व भांडी यांपलीकडे जात नसे.

या कोंडीला दोन्ही समाजांनी दिलेले उत्तर मात्र समान होते : अर्जनक्षमता. पुण्यात १९०९ मध्ये रमाबाई रानडे व गो. कृ. देवधर यांच्या प्रयत्नांतून सेवासदन उभे राहिले. बंगालमध्ये सरोजनलिनी दत्त यांनी १९१३ मध्ये पाबना येथे महिला समिती स्थापन केली. १९२५ मध्ये त्यांच्या निधनानंतर पती गुरुसदय यांनी स्मारक संस्था काढली. बालीगंज स्टेशन रोडवरील या संस्थेने हस्तव्यवसायाचे शिक्षण आणि ग्रामीण समित्यांचे जाळे यांवर भर दिला. एका संस्थेच्या मुळाशी १९०१ मध्ये विधवा झालेल्या स्त्रीचा स्वानुभव होता, तर दुसरीच्या मुळाशी पत्नीवियोग. हा भेद लक्षणीय आहे.

याच काळात कायदाही सरकत होता. १८७४ च्या विवाहित स्त्रियांच्या मालमत्ताविषयक कायद्यातील विमा-विश्वस्तीची तरतूद १९२३ च्या दुरुस्तीने हिंदू कुटुंबांना निःसंदिग्धपणे खुली झाली. त्यामुळे पत्नीच्या नावे केलेला विमा पतीच्या धनकोंपासून सामान्यतः सुरक्षित राहिला. १९३७ च्या कायद्याने विधवेला हिस्सा दिला, पण मर्यादितच. संपूर्ण स्वामित्व १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या चौदाव्या कलमाने आले.

तात्पर्य, कागदावरील हक्क आणि हातातील कौशल्य हे परस्परांचे पर्याय नव्हते. हक्क असूनही परावलंबी राहिलेली बंगाली विधवा आणि हक्काविना शिकून कमावती झालेली पुण्याची विधवा यांना एकत्र वाचल्याशिवाय या इतिहासाचे आकलन पूर्ण होत नाही.