बरडावरची वर्तुळे

दिवाळीची चाहूल लागली की आमच्या गल्लीतील मुले किल्ल्याच्या मागे लागतात. गेल्या वर्षीही लागली. शेजारच्या बांधकामावर मुरमाचा ढीग पडला होता. त्यातून चार टोपल्या मुरूम आणि पाचसहा गोटे मुलांनी मागून आणले, आणि दिवेलागणीच्या आत तटबुरुजांसह गड उभा राहिला. तो पाहायला मी गेलो, तेव्हा शाळेतली एक चुणचुणीत मुलगी म्हणाली, “सर, किल्ला तर आपण केला; पण हा मुरूम जिथून खणला, तिथे आधी काय होते?”

“काय असणार? बरड. पडीक जमीन,” मी उत्तरलो.

उत्तर देऊन घरी आलो खरा, पण फराळाच्या ताटावर बसूनही ते उत्तर मला बोचत राहिले. कारण बरडावर काय असते, हे मला चांगले ठाऊक होते.

नागपूरहून काटोलच्या रस्त्याने निघावे, गोरेवाडा मागे टाकावा, की दहा-बारा किलोमीटरच्या आत जुनापाणी नावाचे ठिकाण लागते. खुरटे गवत, पळसाची झाडे, पायाखाली लालसर मुरूम. पहिल्या नजरेला तिथे काहीच दिसत नाही. मग डोळा सरावतो आणि ध्यानात येते की, हे काळे धोंडे इतस्ततः पडलेले नाहीत. कोणीतरी ते गोल मांडले आहेत. एक वर्तुळ, त्यापलीकडे दुसरे, त्यापलीकडे तिसरे. जुनापाणीच्या परिसरात अशी सुमारे तीनशे शिलावर्तुळे नोंदली गेली आहेत.

ही वर्तुळे म्हणजे आपल्या भूमीवरील लोहयुगातील माणसांची दफनस्थाने होत. त्यांचे वय अडीच हजार वर्षांच्या घरातले किंवा त्याहूनही अधिक. मध्य प्रांतात कापसाच्या खात्यावर नेमलेले रिव्हेट-कार्नॅक नावाचे एक इंग्रज अधिकारी होते. त्यांनी येथील काही वर्तुळे खणून पाहिली आणि १८७९ मध्ये बंगालच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात त्यांची हकीगत छापली. आत सापडल्या लोखंडी कट्यारी, कुऱ्हाडी, छिन्न्या, कडी आणि घोड्याचे लगाम. काही धोंड्यांवर वाटीएवढे गोल खळगे कोरलेले आहेत. त्यांचा आकाशातील ताऱ्यांशी काही संबंध असेल काय, याचाही विचार अलीकडच्या संशोधकांनी केला आहे. पुढे १९६१-६२ मध्ये भारतीय पुरातत्त्व खात्याचे बी. के. थापर यांनी जुनापाणीला शास्त्रशुद्ध उत्खनन केले. मग डॉ. शां. भा. देव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी माहुरझरी, टाकळघाट-खापा, नैकुंड येथे काम केले. माहुरझरीला माणसाबरोबर पुरलेले घोडे सापडले, त्यांच्या मस्तकावरचे तांब्याचे अलंकारही सापडले. नैकुंडला तर लोखंड गाळण्याची भट्टीच हाती लागली!

वाचकहो, मी पुराणवस्तुशास्त्राचा पंडित नव्हे, शाळामास्तर आहे. पण या साऱ्यात मला सर्वांत विलक्षण वाटते ती जागेची निवड. ही वर्तुळे बहुधा सुपीक काळ्या रानात आढळत नाहीत. ती आढळतात खडकाळ, मुरमाड बरडावर, पाण्यापासून फार दूर नाही अशा उंचवट्यावर. जाणकारांचे म्हणणे असे की, त्या लोकांनी पिकाची जमीन जिवंतांसाठी राखली आणि न पिकणारी मृतांना दिली. जमिनीचा इतका समंजस हिशेब अडीच हजार वर्षांपूर्वी झाला होता. त्या हिशेबामुळेच ती वर्तुळे टिकली. बरडावर नांगर फिरला नाही, विहीर खणली गेली नाही. गुरे चरली, पळस फुलला, ससे-तितर राहिले, आणि धोंडे जिथल्या तिथे राहिले. रानाने इतिहास सांभाळला.

आता मात्र नेमकी तीच गोष्ट त्यांच्या मुळावर आली आहे. जी पिकत नाही ती जमीन स्वस्त, आणि जी स्वस्त तिच्यावर पहिला ले-आऊट पडतो, पहिली मुरमाची खाण निघते.

मी हे दुसऱ्याकडे बोट दाखवून लिहीत नाही. माझ्या मामांच्या गावी गोठ्याच्या पायात चार मोठे काळे धोंडे आहेत. लहानपणी त्यांवर बसून मी पेरू खाल्ले आहेत. ते गावाबाहेरच्या एका गोल रांगेतून बैलगाडीत घालून आणले होते, हे मला फार उशिरा कळले. मामांना विचारले तर ते सहज म्हणाले, “अरे, रानातले गोटे ते. कोणाचे थोडेच होते?” मामा लबाड माणूस नव्हे. जे कोणाचेच नाही ते घ्यायला हरकत नाही, असे आपल्या साऱ्यांनाच वाटते.

पुढे काही वर्षांनी मीच प्लॉट पाहायला निघालो. पगारातून चार पैसे साठले होते, पत्नीला स्वतःच्या अंगणाची हौस. शहराबाहेर एका ले-आऊटवर दलालाने नेले. चुन्याच्या फक्क्या मारल्या होत्या, आणि दोन प्लॉटांच्या मधोमध एक अर्धे मोडलेले वर्तुळ होते. माझी नजर तिकडे गेलेली पाहून तो म्हणाला, “ते गोटे उद्या जेसीबीनं साफ करून देतो, सर. तुम्ही कायले चिंता करता?” मी तो प्लॉट घेतला नाही. पण प्रामाणिकपणे सांगायचे तर तो नीतीने नव्हे, किमतीने हुकला. आज तिथे घर उभे आहे. त्या घरातली माणसेही माझ्यासारखीच सज्जन असतील.

कायदा नाही असे नाही. १९५८ चा प्राचीन स्मारकांचा कायदा आहे. २०१० च्या दुरुस्तीने संरक्षित स्थळाच्या हद्दीपासून १०० मीटरपर्यंत बांधकामाला मनाई आहे, आणि त्यापुढे २०० मीटरपर्यंत परवानगी लागते. नागपूर जिल्ह्यातील अनेक शिलावर्तुळे संरक्षित आहेत. परंतु विदर्भभर विखुरलेली सारीच काही यादीत आलेली नाहीत. सीताबर्डीच्या टेकडीकडे पाहा. तिथे नोव्हेंबर १८१७ मध्ये अप्पासाहेब भोसल्यांची फौज इंग्रजांशी लढली. त्या टेकडीवर किल्ला आहे, लष्कराचा पहारा आहे, म्हणून भर बाजारपेठेच्या डोक्यावर ती शाबूत आहे. गोरेवाड्याचा तलाव १९१२ पासून शहराला पाणी देतो. त्याच्याभोवतीचे रान आजही उभे आहे. ज्याचा उपयोग डोळ्यांना दिसतो ते आपण राखतो. बरडावरच्या धोंड्यांना ना तट, ना पाणी.

इंग्लंडातील स्टोनहेंजचे प्रख्यात धोंडेही एके काळी खाजगी मालकीचे होते. १९१५ मध्ये लिलावात सेसिल चब नावाच्या गृहस्थाने ते ६,६०० पौंडांना घेतले आणि १९१८ मध्ये राष्ट्राला अर्पण केले. एवढ्याने भागले नाही. भोवताली इमारती उभ्या राहू लागल्या, तेव्हा लोकांना उमगले की, धोंडे राखले आणि माळ गेला तर काहीच राखले नाही. मग १९२७ मध्ये सामान्य लोकांकडे वर्गणीचे आवाहन झाले आणि भोवतालचा माळ विकत घेऊन नॅशनल ट्रस्ट या संस्थेच्या हवाली करण्यात आला.

आपल्याला माळ विकत घेण्याची ऐपत नसेल. पण प्लॉट घेण्यापूर्वी “इथे आधी काय होते?” एवढे विचारण्याला पैसा लागत नाही. ग्रामसभेत उठून आपल्या शिवारातील वर्तुळांची नोंद करून घ्यायलाही लागत नाही.

थंडी पडल्यावर मी वर्गातील मुलांना जुनापाणीला घेऊन गेलो. त्या मुलीने एका वर्तुळाभोवती पावले मोजत फेरी मारली, आत मात्र पाय ठेवला नाही. मी तसे सांगितले नव्हते. परतताना एका मुलाने खिशात घातलेला गारगोटीचा खडा तिने त्याला परत ठेवायला लावला. तो कुरकुरला, “एवढासा तर आहे! कोणाचा आहे हा?”

ती म्हणाली, “पुढच्या वर्षी येणाऱ्या मुलांचा.”

मामांच्या प्रश्नाचे उत्तर मला इतकी वर्षे सापडले नव्हते. या दिवाळीत मामांकडे जाईन, तेव्हा गोठ्यातल्या त्या धोंड्यांविषयी पुन्हा बोलणार आहे.