बलकाचा वनवास : ३०० मिलिग्रॅम या आकड्याची कथा

२६ मार्च १९८४ च्या 'टाइम' साप्ताहिकाचे मुखपृष्ठ शोधून पाहा. ताटलीत डोळ्यांच्या जागी दोन तळलेली अंडी, आणि त्यांखाली रडक्या ओठांसारखी वाकवलेली बेकनची पट्टी. कोलेस्टेरॉल घातक आहे आणि ते न्याहारीतून पोटात शिरते, हे सांगायला त्या चेहऱ्याला शब्दांची गरजच नव्हती. मौज अशी, की ज्या संशोधनाच्या निमित्ताने हे मुखपृष्ठ निघाले, त्यात अंड्यांची परीक्षा झालीच नव्हती. आजचा धागा या विसंगतीचा.

प्रारंभ सशांपासून. १९१३ साली सेंट पीटर्सबर्ग येथे निकोलाय अनिच्कोव्ह या तरुण संशोधकाने सशांना तेलात विरघळवलेले कोलेस्टेरॉल खाऊ घातले आणि त्यांच्या रोहिण्यांत मेदाचे थर साचलेले पाहिले. प्रयोग अस्सल होता. रोहिणीविकाराच्या अभ्यासाचा तो एक पायाच ठरला. परंतु ससा तृणभक्षी. त्याच्या नैसर्गिक आहारात कोलेस्टेरॉल जवळजवळ नसतेच. माणसाचे यकृत स्वतःच कोलेस्टेरॉल तयार करते, आणि अन्नातून अधिक आले तर बहुतेकांच्या शरीरात ही निर्मिती मंदावते.

ही गोष्ट तज्ज्ञांना ठाऊक नव्हती असे मुळीच नाही. मिनेसोटाचे अ‍ॅन्सेल कीज, ज्यांना आज अंड्याचे आद्य शत्रू समजले जाते, त्यांनी १९५० च्या दशकातच आहारातील कोलेस्टेरॉलला फारसे महत्त्व नसल्याचे म्हटले होते. त्यांचा रोख होता संपृक्त स्निग्धांशावर, म्हणजे लोणी, साय, चरबीयुक्त मांस यांवर. हा भेद शास्त्रज्ञांना कळे. वर्तमानपत्रांच्या मथळ्यात मात्र तो मावत नसे.

मथळे तर हवेच होते. सप्टेंबर १९५५ मध्ये राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांना हृदयविकाराचा झटका आला आणि सारा देश वैद्यकीय वार्तापत्रे वाचू लागला. पुढे अध्यक्षांचे पथ्य, त्यांचे कोलेस्टेरॉल, सारेच चर्चेचे विषय झाले. (हेच गृहस्थ १९४९ पर्यंत दिवसाला चार पाकिटे सिगारेट ओढत. पण ते असो.)

१९६८ साली अमेरिकन हार्ट असोसिएशनने आकडा जाहीर केला : दिवसाला ३०० मिलिग्रॅमहून कमी कोलेस्टेरॉल, आणि आठवड्याला तीनहून अधिक बलक नकोत. एका बलकात सुमारे २०० मिलिग्रॅम धरले, तर दोन अंड्यांची न्याहारी म्हणजे मर्यादाभंग. १९७७ मध्ये सिनेटर जॉर्ज मॅकगव्हर्न यांच्या समितीने हाच आकडा राष्ट्रीय आहार-उद्दिष्टांत घातला. पुरावा अपुरा आहे, थोडे थांबा, असे काही वैज्ञानिकांनी सुनावणीत विनवले. शेवटचा पुरावा हाती येईपर्यंत थांबण्याची चैन सिनेटरांना परवडत नाही, अशा आशयाचे मॅकगव्हर्न यांचे उत्तर होते. मला ते उत्तर अप्रामाणिक वाटत नाही. माणसे खरोखरच मरत होती. अडचण एवढीच, की घाईने दिलेला सल्ला घाईचा आहे हे सांगण्याचे सौजन्य कोणी दाखवले नाही.

मग सुरू झाली ओढाताण. पशुपालक आणि अंडी-उत्पादक समितीवर तुटून पडले. त्याच वर्षाअखेरच्या दुसऱ्या आवृत्तीत मांसाविषयीची भाषा मवाळ झाली, आणि अंड्यांतील पोषण लक्षात घेऊन बालके, वृद्ध व रजोनिवृत्तीपूर्व स्त्रिया यांना सवलत सुचवली गेली. १९८० मध्ये राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या आहार-मंडळाने निरोगी माणसाला कोलेस्टेरॉलचे बंधन नको, असा अहवाल दिला. पण त्याच्या काही सदस्यांचे खाद्य-उद्योगाशी संबंध निघाले आणि अहवालाची पत गेली. सामान्य माणसाने कोणावर विश्वास ठेवावा? सरकारी अहवालावर, की त्याला खोडणाऱ्या अहवालावर?

आणि आता १९८४. ज्या चाचणीवर ते मुखपृष्ठ बेतले होते, तिच्यात कोलेस्टेरॉल फार वाढलेले ३,८०६ मध्यमवयीन पुरुष होते. सर्वांना सारखेच सौम्य पथ्य. फरक एवढाच, की निम्म्यांना कोलेस्टायरामीन हे औषध दिले आणि निम्म्यांना नुसती दिसायला तशी पूड. औषधाच्या गटात हृदयविकार घटला. रक्तातील कोलेस्टेरॉल उतरवणे हितकर, हा निष्कर्ष त्यातून रास्तपणे निघतो आणि आजही टिकून आहे. मात्र त्यावरून निरोगी स्त्री-पुरुषांच्या ताटातले अंडे दोषी ठरत नाही. ती उडी प्रयोगशाळेबाहेर मारली गेली.

इकडे भारतात १९८२ साली राष्ट्रीय अंडी समन्वय समिती स्थापन झाली आणि दूरचित्रवाणीवर रोज अंडी खाण्याच्या जाहिराती गाजू लागल्या. त्याच काळात दवाखान्यांतून मात्र 'बलक काढून खा' असा सल्ला मिळे. आमच्या आजोबांनी तो अखेरपर्यंत पाळला. आजी उकडलेले अंडे चिरून पांढरा भाग त्यांना देई, आणि बलक आम्हा मुलांच्या वाटीत पडे. त्यांना तो फार आवडायचा, हे आम्हाला पुष्कळ नंतर कळले.

१९९९ मध्ये सुमारे १ लाख १८ हजार स्त्री-पुरुषांची पाहणी प्रसिद्ध झाली : निरोगी माणसांत दिवसाला एका अंड्यापर्यंत धोका वाढलेला दिसला नाही, मधुमेहींबाबत शंका उरली. 'टाइम'ने त्याच वर्षी ताटलीतल्या चेहऱ्याला हसवले. पुढल्याच वर्षी हार्ट असोसिएशनने बलकांची साप्ताहिक मर्यादा सोडली. सरकारी ३०० मिलिग्रॅम मात्र २०१५ पर्यंत टिकले. ती मर्यादा उठवणाऱ्या मार्गदर्शिकेतच पुढे लिहिले होते, की आहारातील कोलेस्टेरॉल शक्य तितके कमी ठेवावे.

मार्च २०१९ मध्ये आणखी एक मोठी पाहणी आली आणि तिने अंडी व हृदयविकार यांचा संबंध पुन्हा दाखवला. दुसऱ्या दिवशीचे मथळे तुम्ही कल्पनेने लिहू शकाल.